किती झालं, का झालं आणि कुणाला विचारायचं

जुलै उजाडला की कोल्हापुरात आमच्या गल्लीत बोलणं एकाच प्रश्नानं सुरू होतं. "किती झालं?" काय किती झालं, हे कुणी सांगत नाही, कारण सांगायची गरजच नसते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आली, एवढाच त्याचा अर्थ. दूधवाला विचारतो, रिक्षावाला विचारतो, तालमीच्या कट्ट्यावरची पोरं विचारतात.

अशाच एका पावसाळ्यात शेजारच्या आज्जींनी दारातून हाक मारली. "बाळ, किती झालं रे?" मी मोबाइल बघून सांगितलं, "३८ फूट ४ इंच, आज्जी." त्या उंबऱ्यातून हलल्या नाहीत. "सकाळचं सांगतोस का आत्ताचं?" मी पुन्हा पाहिलं. आकडा सकाळी आठचा होता आणि घड्याळात दुपारचे दोन वाजत आले होते. "राधानगरीचं दार उघडलंय व्हय?" तेही मला सांगता येईना. मग त्यांनी शेवटचं विचारलं, "बरं, मी गव्हाचं पोतं माळ्यावर टाकू का नको, एवढं तरी सांग की."

सरकारनं इंटरनेटवरून, संकेतस्थळ असो की ब्लॉग, लोकांशी मोकळेपणानं बोलायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला त्या दुपारी नीट कळलं. माहिती कधीची आहे? असं का झालं? माझ्या घरापुरतं तिचं काय? सरकारी संकेतस्थळ उघडल्यावर मी आता हेच तीन प्रश्न विचारतो. उत्तर मिळालं नाही, तर ते मागायचा हक्क कायद्यानं आपल्याला दिलेला आहे. तो कसा वापरायचा, ते पुढं सांगतो.

आधी पुराचंच बघू, कारण ते आपल्या अंगावरून गेलेलं आहे.

पावसाळ्यात जिल्हा प्रशासन पूरस्थितीची माहिती काढतं. एखाद्या दिवशी ती वरपासून खालपर्यंत वाचा. बंधाऱ्यावरची पातळी फूट-इंचांत असते. मग पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची नावं नदीवार येतात: पंचगंगेवरचे राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, त्यानंतर भोगावती, कासारी, कुंभी असं पुढं. धरणांतला साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, असतो आणि विसर्ग क्युसेकमध्ये. माझ्या मते ही आपल्या जिल्ह्यातली सगळ्यात उपयोगी सरकारी लिखापढी आहे. रोज त्याच क्रमानं येत असल्यामुळे सवय झालेला माणूस ती एसटीच्या वेळापत्रकासारखी वाचतो. कसबा बावड्यातल्या माणसाला कुठली ओळ बघायची ते ठाऊक असतं आणि कुरुंदवाडच्या माणसाला कुठली, तेही.

अडचण येते ती शब्दांची. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी, लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २८ लिटर. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचलं की दरवाजा आपोआप उघडतो आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर. उन्हाळ्यात कॉलनीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. तसे चार टँकर, दर सेकंदाला, एका दरवाजातून. हे पाणी भोगावतीतून प्रयाग चिखलीला येतं, तिथं कासारी, कुंभी, तुळशीचं पाणीही येऊन मिळालेलं असतं, आणि काही तासांनी ते शहराच्या घाटांना लागतं. "राधानगरीचं दार उघडलंय का" या आज्जींच्या प्रश्नात ही सगळी साखळी होती. पातळी कळली की आत्ता काय चाललंय ते कळतं. दरवाजे कळले की रात्री काय होईल याचा अंदाज येतो.

इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण ४३ फुटांचा धोका सगळ्यांना सारखा नसतो. सुतारवाड्यातल्या कुटुंबांना सामान बांधून चित्रदुर्ग मठात हलावं लागतं, तेव्हा उंचावरच्या पेठेत लोक नेहमीसारखे बाजाराला निघालेले असतात. आकडा तोच, अर्थ मात्र गल्लीगणिक वेगळा. म्हणून त्या आकड्याशेजारी "इतक्या फुटांना अमुक गल्लीत पाणी येतं, तमुक रस्ता बंद होतो" असा तक्ता हवा. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. कुठल्या फुटाला काय बुडतं, हे त्या दोन वर्षांनी गल्लीगल्लीच्या भिंतींवर लिहून ठेवलंय. ते भिंतीवरून संकेतस्थळावर यायला हवं.

पूररेषांचंही तसंच. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असं नकाशावर लिहिलेलं असतं. वाचणारा मनात म्हणतो, एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या वेळी बघू. त्या वाक्याचा खरा अर्थ वेगळा आहे. लाल रेषेएवढा पूर यायची शक्यता दर वर्षी शंभरात एक, आणि ती पुढच्या वर्षीही तेवढीच राहते. प्लॉट घेणाऱ्या माणसाला नकाशाखाली ही एक ओळ मराठीत वाचायला मिळाली, तर त्याचा निर्णय बदलू शकतो.

सांगायची जुनी रीत

सरकारनं लोकांना सांगणं काही इंटरनेटपासून सुरू झालं नाही. गावात कोतवाल दवंडी द्यायचा. चावडीवर हुकूम वाचून दाखवायचे. संस्थानी काळात करवीर सरकारचं गॅझेट निघायचं.

त्या गॅझेटातला एक हुकूम सगळ्यांना माहीत आहे. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या. हुकूम कशाचा होता हे आपण जयंतीला ऐकतो, पण तो लिहिला कसा होता याकडे फारसं कुणी बघत नाही. सुरुवातीलाच कारण दिलं होतं: सर्व थरांत शिक्षणाला उत्तेजन द्यायचे प्रयत्न झाले, पण मागे राहिलेल्या लोकांत त्यांना हवं तेवढं यश आलं नाही. मग जागा राखल्याचं सांगितलं. मागासलेले वर्ग म्हणजे कोण, तेही स्पष्ट केलं. आणि शेवटी सगळ्या खातेप्रमुखांना बजावलं की या हुकमानंतर केलेल्या नेमणुकांचं पत्रक दर तीन महिन्यांनी सरकारकडे पाठवा.

का, काय, कुणासाठी, आणि अंमल झाला की नाही हे कुणी कळवायचं. एका छोट्याशा हुकमात चारही गोष्टी. आजच्या कुठल्याही खात्याच्या पानाला मी हीच कसोटी लावतो, आणि ती बाहेरून आणलेली नाही. आपल्याच शहरातून निघालेली आहे.

कायदा काय म्हणतो

माहितीचा अधिकार म्हटलं की आपल्याला अर्ज आठवतो, दहा रुपयांचा स्टॅम्प आठवतो. पण १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झालेल्या या कायद्याचं मन अर्जात नाही, कलम ४ मध्ये आहे. हे कलम म्हणतं की लोकांनी विचारायची वाट बघू नका, आधीच सांगून ठेवा. आणि वेळोवेळी, इंटरनेटसह वेगवेगळ्या मार्गांनी इतकं सांगा की लोकांना अर्ज करायची पाळीच कमीत कमी यावी.

काय सांगायचं, त्याच्या १७ बाबी कलम ४(१)(ख) मध्ये दिल्या आहेत. प्रत्येक सरकारी कार्यालयाच्या पानावर कुठेतरी त्या असायला हव्यात. सगळ्या इथं मोजत बसत नाही. सामान्य माणसाला लागतात त्या मोजक्या: कुठला निर्णय कुणाच्या हातात आहे, अंदाजपत्रकात किती पैसा आला आणि कशावर गेला, अनुदान कुणाकुणाला मिळालं, परवाने कुणाला दिले, समित्यांच्या बैठकांचं इतिवृत्त लोकांना बघता येतं का, आणि माहिती अधिकारी कोण. एखाद्या कार्यालयाचं पान उघडा आणि यातल्या तीन गोष्टी शोधा. पाच मिनिटांत सापडल्या, तर ते कार्यालय खरंच बोलतंय.

माझ्या दृष्टीनं या १७ बाबींपेक्षा मोलाच्या दोन ओळी त्याच्याच खाली आहेत आणि त्यांची चर्चा फार कमी होते. कलम ४(१)(ग) सांगतं की लोकांवर परिणाम करणारं महत्त्वाचं धोरण आखताना किंवा निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीच्या सगळ्या वस्तुस्थिती प्रसिद्ध करा. कलम ४(१)(घ) सांगतं की प्रशासकीय निर्णयाची कारणं त्याची झळ बसणाऱ्यांना द्या. रस्ता वळवला, पाण्याची वेळ बदलली, झाडं तोडायला परवानगी दिली, तर "का" हे सांगणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही. ते त्याचं काम आहे. आपण "काय ठरलं" एवढं विचारून परत येतो आणि "का ठरलं" हे विचारायचा हक्क तसाच टेबलावर सोडून येतो.

आता हे कलम प्रत्यक्षात किती ओढून-ताणून पाळलं जातं, त्याचं उदाहरण आपल्या डोंगरांचंच आहे. पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ समितीनं ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला अहवाल दिला. अहवाल सार्वजनिक झाला नाही. माहिती अधिकारात मागितला, तर नकार आला. केंद्रीय माहिती आयोगानं एप्रिल २०१२ मध्ये तो खुला करायचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथंही त्याच्या बाजूनं निकाल लागला नाही. तेव्हा कुठं मे २०१२ मध्ये अहवाल मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आला. ज्या अहवालात हा विषय ग्रामसभांपर्यंत न्या, लोकांशी बोला असं लिहिलं होतं, तोच अहवाल लोकांपर्यंत पोहोचायला जवळपास नऊ महिने लागले.

याची किंमत कुणी मोजली? शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगडच्या गावांनी. अहवाल समोर नव्हता तेव्हा अफवा होत्या. घर बांधता येणार नाही, गुरं चारता येणार नाहीत, गाव उठवणार, असं काहीबाही. कागद हातात असता तर त्यातलं काय पटतं आणि काय नाही यावर लोक भांडले असते, आणि ते भांडण गावाच्या भल्याचं झालं असतं. मोकळी जागा दिसली की अफवा तिथं घर करते. पुढं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचे मसुदे एकामागून एक निघत राहिले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा आहे, त्यात महाराष्ट्रातलं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे आणि हरकतींसाठी ६० दिवस दिले होते. अशा मसुद्याच्या शेवटी गावांची यादी जोडलेली असते. डोंगराकडच्या माणसानं भाषणं ऐकण्याआधी ती यादी उघडून आपल्या गावाचं नाव शोधावं, असं मला मनापासून वाटतं.

माहिती खुली करण्यालाही मर्यादा आहेत, आणि त्या असाव्यात. कुणाचा आजार, कुणाचं बँक खातं चव्हाट्यावर येऊ नये. २०२३ च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातल्या कलम ८ मधला वैयक्तिक माहितीचा भाग आणखी कडक केला. या पडद्याआड लाभार्थ्यांच्या याद्या आणि अधिकाऱ्यांचे निर्णयही झाकले जातील, अशी भीती माहिती अधिकारात काम करणाऱ्यांना वाटते. मलाही ती खरी वाटते.

कागद दिसतो, पण वाचता येत नाही

संकेतस्थळावर फाइल आहे म्हणजे माहिती आहे, असं नसतं. यातली तांत्रिक बाजू एकदा समजून घेतली की नेमकं काय मागायचं ते कळतं.

कागदाचा फोटो काढून पीडीएफ केली, तर संगणकाला ते नुसतं चित्र दिसतं. तुम्ही शोधायच्या चौकटीत "शिरोळ" टाइप करा, पानावर दहा वेळा शिरोळ असलं तरी तो "सापडलं नाही" म्हणतो. दुसरा प्रकार जुन्या फाँटचा. कृतिदेव किंवा जुन्या श्रीलिपीत टाइप केलेल्या मजकुरात संगणकाच्या पोटात साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरांची चिन्हं, वर फक्त मराठी आकार चढवलेला असतो. तो फाँट नसलेल्या मोबाइलवर ती फाइल उघडली की भलतीच चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये मराठीच्या प्रत्येक अक्षराला जगभर मान्य असा स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तो मजकूर कुठंही उघडतो, शोधता येतो, दुसरीकडे उतरवून घेता येतो. आणि दृष्टी नसलेल्या माणसाला त्याचा मोबाइल तो मजकूर मोठ्यानं वाचून दाखवू शकतो. फोटो काढलेल्या पीडीएफपुढं त्याचा मोबाइल गप्प बसतो. सरकारी संकेतस्थळं कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्रानं २००९ मध्येच काढली आहेत आणि नंतर सुधारलीही आहेत, त्यामुळे अशी मागणी करणं म्हणजे काही जगावेगळं मागणं नव्हे.

भाषेचा मुद्दा याहून मोठा. प्रकल्पांच्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नियमांचा मसुदा २०२० मध्ये निघाला, तेव्हा तो आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत द्या आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवा, असं दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून रोजी सांगावं लागलं होतं. ज्यावर हरकत घ्यायची ते माणसाला समजलंच नाही, तर तो हरकत कशी घेणार?

राज्य सरकारनं मात्र एक गोष्ट फार चांगली केली आहे, ती म्हणजे शासन निर्णयांचा संग्रह. राज्याच्या शासन निर्णयाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक असा आहे. तो लांबलचक आकडा बहुतेक जण सोडून देतात. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. संकेतांक २०१९०८ असा सुरू झाला, तर तो ऑगस्ट २०१९ चा निर्णय. व्हॉट्सअ‍ॅपवर "शासनाचा नवीन जीआर आला" म्हणून फोटो फिरायला लागला की मी आधी हे आकडे बघतो आणि मग संग्रहात जाऊन तोच संकेतांक टाकतो. तिथं नसेल, तर मी तो फोटो पुढं पाठवत नाही. संग्रहाच्या पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" असतं. ही शेपटी फक्त सरकारी संस्थांनाच मिळते, त्यामुळे पैसे भरायच्या आधी, आधार नंबर टाकायच्या आधी पत्त्याचा शेवट बघायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

गावाकडच्या वाचकांसाठी आणखी एक. ई-ग्रामस्वराज हे केंद्राचं संकेतस्थळ २४ एप्रिल २०२० रोजी, पंचायत राज दिनी सुरू झालं. राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडत गेलं की आपल्या ग्रामपंचायतीचा वर्षाचा आराखडा आणि केलेला खर्च दिसतो. बघायला पासवर्ड लागत नाही. त्यात "बंधित" आणि "अबंधित" निधी असे शब्द येतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांपैकी बंधित निधी पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच वापरायचा असतो, अबंधित निधीचं काय करायचं ते गावाच्या गरजेप्रमाणं ठरतं. ग्रामसभेला जाताना हे दोन आकडे कागदावर उतरवून न्या. १५ ऑगस्टला, २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते, "गटारीचं काय झालं?" असं कुणीतरी विचारतं, आणि सरपंच "निधी आला नाही" म्हणून मोकळे होतात. हातात कागद असलेल्या माणसापुढं तसं म्हणता येत नाही. सरपंच प्रामाणिक असतील, तर त्यांनाही हा कागद आधार देतो. निधी खरोखरच उशिरा आला असेल, तर तेही त्यात दिसतं.

फलक आणि बोलणं

आता ब्लॉगकडे येतो. संकेतस्थळ म्हणजे कार्यालयाबाहेरचा फलक. ब्लॉग म्हणजे त्याच कार्यालयातल्या माणसानं बाहेर येऊन, नाव सांगून, चार माणसांत उभं राहून "आम्ही हे असं का केलं" ते सांगणं. आणि खाली लोकांना लिहायला जागा दिली की त्याची ग्रामसभा होते.

अमेरिकेत विमानतळांवर प्रवाशांची झडती घेणाऱ्या टीएसए या सरकारी यंत्रणेनं जानेवारी २००८ मध्ये असा ब्लॉग सुरू केला. लोक या यंत्रणेवर चिडलेलेच होते, त्यामुळे तक्रारींचा पाऊस पडला. काही प्रवाशांनी लिहिलं की अमुक विमानतळांवर बॅगेतल्या झाडून सगळ्या इलेक्ट्रॉनिक वस्तू बाहेर काढायला लावतात. मुख्यालयानं चौकशी केली. असा आदेश वरून गेलेलाच नव्हता, काही ठिकाणच्या कार्यालयांनी आपणहून तो नियम करून टाकला होता. तो थांबवला गेला, आणि थांबवल्याचं ब्लॉगवर लिहिलंही. मला हे उदाहरण आवडतं ते एवढ्यासाठी की यात फायदा सरकारचाही झाला. आपल्याच खात्यात खाली काय चाललंय, हे त्यांना प्रवाशांकडून कळलं.

आपल्याकडे केंद्राचं मायगव्ह २६ जुलै २०१४ रोजी सुरू झालं. योगायोगानं तारीख शाहू महाराजांच्या हुकमाचीच. त्याच वर्षी सुरुवातीला केंद्रानं ठरवलं होतं की कुठल्याही कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यावं आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकावा. धोरण उत्तम आहे. पण ते धोरणच आहे, कायदा नाही, आणि म्हणून पाळलं तर पाळलं असं होतं. त्यातला सूचनांच्या गोषवाऱ्याचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाचशे लोकांनी लिहिलं, त्यातलं काय घेतलं, काय सोडलं आणि का सोडलं, हे सांगितल्याशिवाय "सूचना मागवल्या" या शब्दांना वजन येत नाही. एकदा लिहून उत्तर आलं नाही की माणूस दुसऱ्यांदा लिहीत नाही. त्याच्याकडे तेवढा वेळही नसतो.

कोल्हापूरला ही गरज जास्तच जाणवली. महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढं कित्येक वर्षं प्रशासकांचा कारभार राहिला. आपल्याकडची पद्धत अशी की नळाला पाणी आलं नाही तर सकाळी नगरसेवकाच्या दारात जायचं. त्या काळात ते दारच राहिलं नाही. शहराच्या पैशाचा, पाण्याचा, रस्त्यांचा निर्णय झाला तर तो का झाला, हे सांगणारं माणूस समोर नसताना संकेतस्थळानं बोलायला हवं असतं. काळम्मावाडी धरणापासूनच्या थेट पाइपलाइनचं पाणी येतंय, येतंय म्हणत शहरानं जवळपास दहा वर्षं वाट पाहिली. दर महिन्याला एका पानावर "या महिन्यात इतकं काम झालं, इथं अडलं, या कारणानं अडलं" एवढ्या तीन ओळी लिहिल्या असत्या, तर तेवढीच वाट पाहताना चीड निम्मी झाली असती. उशीर माणूस एक वेळ सोसतो. त्याला सोसत नाही ते गप्प बसणं.

विचारायचं कसं

उत्तर मिळालं नाही तर काय, हे आता माझ्या अनुभवावरून सांगतो.

एका सरकारी कार्यालयानं आमच्या भागातल्या एका प्रस्तावावर हरकती मागवल्या होत्या. जाहीर सूचना संकेतस्थळावर होती, तिरकी स्कॅन केलेली, शेवटची ओळ अर्धी कापलेली. मी पाहिली तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. सूचनेवर सहीची तारीख होती, पण ती संकेतस्थळावर कधी टाकली, ते कुठंच नव्हतं. गल्लीतल्या लोकांना विचारलं, कुणालाच पत्ता नव्हता.

मी राज्याच्या माहिती अधिकार संकेतस्थळावरून अर्ज केला. फी दहा रुपये. प्रश्न एकच ठेवला: ही सूचना संकेतस्थळावर कोणत्या तारखेला आणि किती वाजता टाकली, त्या नोंदीची प्रत द्या. अर्ज लिहिताना एवढं पाळा. "का केलं नाही?" असं भांडण लिहू नका, नोंद मागा. नोंद म्हणजे कागद, आणि कागद एकतर असतो किंवा नसतो. कारण हवं असेल तेव्हा "या निर्णयाच्या फाइलीतल्या टिपण्यांची प्रत द्या" असं लिहा, कारण ते टिपण्यांतच असतं. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांची. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे करायचं आणि त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे.

मला पहिल्या अपिलापर्यंत जावं लागलं. सुनावणी दहा मिनिटांची झाली. टेबलापलीकडचे अधिकारी सभ्य होते. त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला आणि फाइल चढवायचं पान दाखवलं. "बघा, इथं विषय लिहायला जागा आहे, फाइल जोडायला जागा आहे. तारखेला रकानाच नाही, आमच्या पोरानं टाकायची तरी कुठं?" मी म्हटलं, "साहेब, कागदावर टाका की. स्कॅन करायच्या आधी." ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि त्यांनी शेजारच्या लिपिकाला हाक मारली. हरकतीची मुदत १५ दिवसांनी वाढवून मिळाली, त्यात आमच्या गल्लीतून ११ अर्ज गेले.

महिन्याभरानं त्याच पानावर दुसरी एक सूचना आली. तीही तिरकीच स्कॅन केलेली होती. पण उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईनं, हातानं लिहिलं होतं: संकेतस्थळावर टाकली, त्यापुढं तारीख, वेळ सकाळी ११:४०, आणि खाली लिपिकाची सही.